बेत फसलेल्या दिवसाचे आरोग्यशास्त्र



शाळा सुरू होण्याच्या सुमारास किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमच्यापैकी पुष्कळांनी एक बेत केलेला असेल. उद्यापासून पहाटे साडेपाचला उठायचे, मारुतीच्या देवळापर्यंत पळत जाऊन यायचे, वीस सूर्यनमस्कार घालायचे, डब्यात भाजी-भाकरी न्यायची आणि एसटी स्टँडवरचे वडे बंद! पहिले चार दिवस बेत झकास चालतो. पाचव्या दिवशी रात्री वीज जाते, अभ्यास लांबतो आणि सकाळी डोळाच उघडत नाही. सहाव्या दिवशी आई पहाटेच कांदे काढायला शेतावर जाते व डबा राहून जातो. सातव्या दिवशी चुलतभावाचे लग्न निघते. आठव्या दिवशी तुम्ही स्वतःशीच म्हणता, "आता मोडलेच आहे, तर पुढच्या एक तारखेपासून पाहू." एक तारीख येते आणि जाते.

असे झाले की घरची मंडळी म्हणतात, "याच्या अंगी चिकाटीच नाही." पण हा खरोखर चिकाटीचाच प्रश्न आहे काय? की बेत आखण्याची पद्धतच चुकते? व्यायामाचा एक दिवस चुकला, एक जेवण बिघडले, तर शरीराचे नेमके किती नुकसान होते? या प्रश्नांवर शास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. ते समजून घेण्याआधी आपण थोडे शेतात डोकावू.

पाऊस चुकला तर काय पेरायचे?

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हा मोठा चमत्कारिक प्रदेश आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे निघाले, की सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाऊस झपाट्याने कमी होत जातो. नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत तो थोडा तर असतोच, शिवाय लहरीही असतो. कधी जूनमध्ये येतो, कधी जुलै कोरडा जातो.

अशा ठिकाणचा शेतकरी "मृगाचा पाऊस चुकला, आता पुढच्या वर्षी पाहू" असे म्हणतो काय? मुळीच नाही. पाऊस वेळेवर आला तर मूग, उडीद. उशिरा आला तर मूग-उडदाचा नाद सोडून बाजरी, तूर, हुलगा. आणखी लांबला तर सूर्यफूल किंवा एरंडी. खरीप हातचा गेलाच तर जमिनीत ओल धरून ठेवायची आणि रब्बीची ज्वारी पेरायची. कृषी विद्यापीठे अशा पर्यायांचे तारीखवार तक्ते तयार करतात. त्यांना आपत्कालीन पीक नियोजन म्हणतात.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव तर यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथे सरासरी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने पाणी अडवण्याचे व जिरवण्याचे काम हाती घेतले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या गावात पाऊस मोजला जातो आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पहिला हक्क माणसांच्या व जनावरांच्या पिण्याच्या पाण्याचा. उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते पाहून पेरणी ठरते. चांगल्या सालाचा बेत निराळा, वाईट सालाचा निराळा. वाईट सालीही बेत असतोच!

आता तुमचा पहाटेचा बेत आठवा. तो केवळ चांगल्या सालासाठी आखलेला होता. वीज असेल, डबा असेल, लग्न नसेल, परीक्षा नसेल, अशा दिवसासाठी. वाईट दिवशी काय करायचे, याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. म्हणून वाईट दिवस आला तेव्हा तो वाकू शकला नाही, मोडला.

शरीराच्या कणग्या

शेतकऱ्याला वाईट साल निभावून नेता येते, याचे दुसरे कारण म्हणजे त्याच्या घरातील कणगी. मागील वर्षाचे धान्य त्यात साठवलेले असते. आपल्या शरीरातही अशा कणग्या आहेत. मात्र त्या सगळ्या सारख्या आकाराच्या नाहीत.

पाण्याची कणगी जवळजवळ नाहीच. घाम, श्वास व लघवी यांवाटे गेलेले पाणी त्याच दिवशी भरून काढावे लागते. आज पाणी प्यायला नाही आणि रविवारी दुप्पट प्यायलात, तर ते चालणार नाही.

पिष्टमय पदार्थांची कणगी लहान आहे. भाकरी, पोळी, भात यांतून मिळणारी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जाते. प्रौढ माणसाच्या यकृतात ते सुमारे १०० ग्रॅम असते आणि स्नायूंत तीनशे ते चारशे ग्रॅम. स्नायूंतील साठा स्नायूच वापरतात. रक्तातील साखर टिकवून मेंदूला पुरवठा करण्याचे काम यकृतातील साठ्याकडे असते. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातील सुमारे वीस टक्के एकटा मेंदू घेतो. रात्रभर यकृताची ही कणगी रिकामी होत असते. सकाळी काही न खाता शाळेत गेल्यास तिसऱ्या-चौथ्या तासाला अनेकांचे लक्ष उडते व चिडचिड होते, त्याचे एक कारण हेच.

प्रथिनांसाठी वेगळी कणगी नाही. आहारात प्रथिने कमी पडली, तर शरीर स्वतःच्याच स्नायूंना हात घालते. म्हणून डाळ, कडधान्य, शेंगदाणे, दूध, ताक, अंडी यांपैकी काही ना काही रोज पोटात जायला हवे.

जीवनसत्त्व 'क' चा साठा काही आठवडे पुरतो. जीवनसत्त्व 'अ' यकृतात साठते आणि ते नीट साठलेले असेल तर काही महिने पुरते. चरबीची कणगी तर सर्वांत मोठी.

यावरून काय निष्कर्ष निघतो? आज भाजी मिळाली नाही, तर आभाळ कोसळत नाही. उद्या-परवा ती भरून काढता येते. शरीर सर्वसाधारणपणे आठवड्याची व महिन्याची सरासरी पाहते. पण पाणी, पोटभर अन्न आणि थोडी प्रथिने यांचे तसे नाही. बेत कितीही फसला तरी या तीन गोष्टी त्या दिवशीच साधल्या पाहिजेत. हिवरे बाजारच्या ताळेबंदात पिण्याच्या पाण्याचा जसा पहिला हक्क, तसा आपल्या ताळेबंदात यांचा.

व्यायाम चुकल्याने काय होते?

१९६६ मध्ये अमेरिकेतील डल्लास येथे एक धाडसी प्रयोग झाला. वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. प्रयोगाच्या आधी व नंतर, जोराचा व्यायाम करताना त्यांचे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते हे मोजले. तीन आठवड्यांत ही क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली! हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त कमी झाले, म्हणून तेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागले. त्यानंतर त्यांच्याकडून आठ आठवडे व्यायाम करून घेतला, तेव्हा गेलेली क्षमता परत आली; काहींची तर पूर्वीपेक्षाही वाढली.

या प्रयोगातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली अशी, की शरीर वापराप्रमाणे बदलते. वापर थांबला की ते खर्चिक यंत्रणा मोडीत काढू लागते. दुसरी गोष्ट धीर देणारी आहे: गमावलेले परत मिळते. येथे तीन आठवडे पूर्ण अंथरूण होते, हे विसरू नका. एक-दोन दिवसांची सुट्टी ही निराळी बाब आहे. व्यायामाने स्नायूंवर जो ताण पडतो, त्यानंतरची दुरुस्ती विश्रांतीतच होते. तेव्हा मंगळवारी पळायला गेला नाहीत, तर बुधवारी तुमचे शरीर सोमवारइतकेच तयार असते. खरा धोका मंगळवारात नसून, त्या मंगळवारामुळे पुढचे तीन आठवडे बंद पडण्यात असतो.

आणि तुमच्या वयात हा धोका जरा अधिकच आहे. हाडांचे बहुतेक सर्व वजन वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत कमावले जाते. त्यासाठी चांगला आहार आणि धावणे-उड्या मारणे दोन्ही लागते. "मी तर काटकुळा आहे, मला व्यायामाची काय गरज?" असेही कोणी म्हणू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतः आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्याकडील पुष्कळ माणसे दिसायला बारीक, पण स्नायू कमी व चरबी जास्त अशी असतात आणि त्यांना मधुमेहाचा धोका अधिक असतो. वजनकाटा ही गोष्ट सांगत नाही. म्हणून हा लेख वजन कमी करण्यासाठी नाही. शरीर घडवण्यासाठी आहे.

"मोडलेच आहे, तर होऊ दे"

मग एक दिवस चुकल्यावर पुढचे दिवस का बुडतात? याचे उत्तर शरीरात नाही, मनात आहे.

१९७५ मध्ये अमेरिकेत पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी काही विद्यार्थिनींवर प्रयोग केला. त्यांतील काही जणी एरवी खाण्यावर कडक बंधने पाळणाऱ्या होत्या, काही जणी तशा नव्हत्या. काहींना आधी दुधाचे गोड घट्ट पेय पाजले आणि मग सर्वांना आइस्क्रीमची 'चव पाहण्यास' सांगितले. बंधने न पाळणाऱ्या मुलींनी पेय प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरलेले होते, हे स्वाभाविकच आहे. परंतु बंधने पाळणाऱ्या मुलींनी पेय प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले! नियम मोडलाच आहे, तर आता कशाला आवरायचे, असा हा विचार. हा परिणाम पुढील सर्व प्रयोगांत सारखाच दिसलेला नाही. पण तो विचार आपल्या ओळखीचा आहे, नाही का? एक वडा खाल्ला म्हणून दुसरा, दुसरा खाल्ला म्हणून भजी.

याच्या उलट टोकाची चूकही काही जण करतात. दुपारी वडे खाल्ले, म्हणून शिक्षा म्हणून रात्रीचे जेवण सोडतात. वाढत्या वयात हे अतिशय घातक आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या तक्त्यानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २,८६० आणि मुलीला सुमारे २,४०० उष्मांक लागतात. जेवण सोडून ते मिळणार कोठून? चुकलेल्या जेवणाचा दंड पुढच्या जेवणाने भरायचा नसतो. पुढचे जेवण नेहमीसारखे घ्यायचे, एवढेच त्याचे उत्तर.

थोडे अंकगणित करू. महिन्यात तीस दिवस, दिवसातून तीन जेवणे, म्हणजे नव्वद जेवणे. त्यांतली नऊ बिघडली, तरी एक्याऐंशी चांगली उरतात. शंभरात नव्वद गुण! इतके गुण मिळवणाऱ्याला कोणी नापास म्हणत नाही.

एक चुकले, म्हणून सवय मोडते का?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी नवी गोष्ट निवडली: खाण्याची, पिण्याची किंवा हालचालीची. ती रोज एका ठरावीक प्रसंगानंतर, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करायची. बारा आठवडे त्यांच्या नोंदी ठेवल्या. २०१० मध्ये हा अभ्यास छापून आला. ती गोष्ट आपोआप होऊ लागण्यास किती दिवस लागले? मधली संख्या निघाली ६६ दिवस. माणसामाणसांत फरक मात्र फार होता; हिशोबाने हा पल्ला १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत गेला. पाण्याचा पेला पिण्यासारखी सोपी सवय लवकर जडली, व्यायामाची उशिरा.

आणि सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा, की मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात लक्षात येण्याजोगा अडथळा आला नाही. म्हणजे, सवय ही काचेची बरणी नव्हे, की हातातून सुटली आणि फुटली. ती पायवाटेसारखी आहे. एक दिवस कोणी चालले नाही म्हणून पायवाटेवर गवत उगवत नाही. महिनाभर कोणी फिरकले नाही, तर मात्र उगवते.

'जर' आणि 'तर'

आता बेत कसा आखावा ते पाहू. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक साधी युक्ती मांडली. "मी रोज व्यायाम करीन" असा नुसता संकल्प न करता "जर अमुक झाले, तर मी तमुक करीन" अशा स्वरूपात तो बांधायचा. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा असा 'जर-तर' संकल्प पुष्कळ अधिक वेळा पार पडतो असे दिसून आले. कारण उघड आहे. अडचण आल्यावर विचार करायला ना वेळ असतो ना उत्साह. निर्णय आधीच घेतलेला असला, की त्या वेळी फक्त अंमलबजावणी उरते. 'जुलै कोरडा गेला तर सूर्यफूल' हा शेतकऱ्याचा तक्ता याच जातीचा नाही काय?

आपल्याकडच्या नेहमीच्या अडचणी घेऊन काही उदाहरणे पाहा:

जर सकाळी जाग आली नाही, तर संध्याकाळी हातपाय धुण्यापूर्वी दहा सूर्यनमस्कार घालीन.

जर पावसाने बाहेर जाता आले नाही, तर ओसरीवर जागच्या जागी पाच मिनिटे उड्या व बैठका.

जर डबा झाला नाही, तर दप्तरातील मूठभर भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा, आणि स्टँडवर वड्याऐवजी केळे.

जर एसटी चुकली, तर पुढची गाडी येईपर्यंत बाकावर न बसता स्टँडच्या आवारात झपझप चालीन.

जर लग्नात जेवण असेल, तर आधी वरण-भात व भाजी-कोशिंबीर, मग आवडीची जिलेबी. आणि रात्री घरी नेहमीचे जेवण.

जर उपास असेल, तर नुसत्या साबुदाण्यावर न राहता शेंगदाणे, राजगिरा, ताक किंवा एखादे फळ. साबुदाण्यात पिष्ट भरपूर असते, पण प्रथिने जवळजवळ नसतात.

शेंगदाण्यांना येथे उगीच मान दिलेला नाही. तीस ग्रॅम, म्हणजे साधारण एक मूठ शेंगदाण्यांत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १७० उष्मांक असतात. ते सहज टिकतात आणि दप्तरात सांडत नाहीत!

तीन मापांचा बेत

यापुढची पायरी म्हणजे प्रत्येक नेमाची तीन मापे ठरवून ठेवणे: चांगल्या सालाचे, मध्यम सालाचे आणि दुष्काळी सालाचे.

व्यायामाचे पहा. चांगल्या दिवशी एक तास: धावणे, खो-खो, कबड्डी किंवा सायकल. मध्यम दिवशी २५ मिनिटे: झपझप चालणे व सूर्यनमस्कार. वाईट दिवशी अवघी पाच मिनिटे: दोरीवरच्या उड्या किंवा बैठका. "पाच मिनिटांनी काय होणार?" असे तुम्ही विचाराल. त्या पाच मिनिटांचे मुख्य काम स्नायू वाढवणे हे नाही. पायवाटेवर गवत उगवू न देणे हे आहे.

दोन विद्यार्थ्यांची तुलना करू. पहिला ठरवतो, "रोज एक तास, नाही तर काही नाही." नवव्या दिवसानंतर त्याचा नेम मोडतो. त्याची महिन्याची बेरीज ९ × ६० = ५४० मिनिटे. दुसऱ्याला १८ चांगले दिवस मिळतात, ७ मध्यम, ४ वाईट आणि एक दिवस पूर्ण बुडतो. त्याची बेरीज १,०८० + १७५ + २० = १,२७५ मिनिटे. पहिल्याच्या दुपटीहून अधिक! शिवाय पुढच्या महिन्यात त्याला 'पुन्हा सुरुवात' करावी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही हेच सुचवते. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी आठवड्याच्या सरासरीने दिवसाला ६० मिनिटे मध्यम ते जोराची हालचाल करावी, असे ती म्हणते. 'सरासरीने' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. पूर्वी प्रौढांसाठी एक अट असे, की व्यायाम किमान दहा मिनिटे सलग केला तरच तो मोजायचा. २०२० मध्ये ती अटही गेली. आता प्रत्येक हालचाल हिशोबात धरली जाते.

तुकड्यातुकड्यांच्या हालचालीचे महत्त्व फार पूर्वीच लक्षात आले होते. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनमधील बसचालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना, बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. वाहक काही व्यायामशाळेत जात नव्हते! तेव्हा विहिरीवरून पाणी आणणे, गोठा झाडणे, शाळेपर्यंत सायकल मारणे हेसुद्धा तुमच्या खाती जमा होते. ते मोजायला विसरू नका.

जेवणाचीही तीन मापे करता येतात. चांगल्या दिवशी भाकरी, डाळ किंवा उसळ, पालेभाजी, कांदा-काकडी, ताक आणि एखादे फळ. मध्यम दिवशी भाकरी आणि मटकीची उसळ, वर लिंबू पिळून. वाईट दिवशी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा आणि पाणी. हे शेवटचे जेवणही वाईट नाही. ज्वारी-बाजरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असते. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. लिंबातील जीवनसत्त्व 'क' मुळे बाजरीतील लोह अधिक शोषले जाते. उलट, जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते. तेव्हा चहा घ्यायचाच तर तासाभराने.

जेथे एकट्याची चिकाटी पुरत नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येकाच्या अडचणी सारख्या नसतात. पाथर्डी-शेवगावकडील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचा एक दिवस नव्हे, सारा हंगामच विस्कटतो. शाळेतील मध्यान्ह भोजन, ज्याला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात, ते आठवीपर्यंतच मिळते. नववीत गेल्यावर दुपारच्या खाण्याची जबाबदारी एकदम घरावर येते. ज्या घरी पहाटे पाचला सगळेच रानात जातात, तेथल्या मुलाला "डबा का नाही आणला? चिकाटी नाही," असे म्हणणे अन्यायाचे आहे.

अशा वेळी काय करावे, याचा धडा याच जिल्ह्यात जामखेडला मिळतो. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. लोकांना आधी अन्न व पाणी हवे आहे, औषध नंतर, हे त्यांनी ओळखले. पुढे गावोगावच्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, थोडे शिकत आणि गावी परतून शेजारणींना सांगत. मुलाला काय भरवावे, पाणी कसे स्वच्छ ठेवावे, हे असे थोडे थोडे, पण न थांबता पोचले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्याची चांगली सवय ही एकट्याने दात-ओठ खाऊन टिकवायची गोष्ट नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून ती सोपी करायची असते, असे या कामातून दिसते.

तुमच्या वर्गातही हे जमेल. चार मित्रांनी डबे एकत्र उघडून वाटून खाल्ले, तर ज्याचा डबा राहिला तो उपाशी राहत नाही. वर्गाच्या कपाटात भाजलेल्या शेंगदाण्यांचा किंवा फुटाण्यांचा एक डबा ठेवता येईल. ज्या मुलींना संध्याकाळी बाहेर पळायला जाता येत नाही, त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत मैदान राखून ठेवता येईल. गुरुजनांनी एवढे पाहावे, की वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताने खाल्ला जाणार नाही!

नेम कधी मोडावाच?

ताप असेल, जुलाब होत असतील, पाय मुरगळला असेल, तर विश्रांती हाच त्या दिवसाचा नेम. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी धावणे ही चिकाटी नव्हे, अविचार होय. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून पुन्हा साडेपाचला पळायला जाणेही तसेच. झोप हीसुद्धा एक कणगी आहे. ती रिकामी करून दुसरी भरत नाही. आजारातून उठल्यावर मात्र एकदम एक तासापासून सुरुवात करू नका. पाच मिनिटे, मग पंचवीस, मग साठ, असे चढत जा.

वर्गात करून पाहा

एका वहीच्या पानावर २८ चौकोन आखा. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात व्यायामासाठी 'चां', 'म', 'वा' किंवा शून्य, आणि जेवणासाठीही तसेच लिहा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तीन गोष्टी मोजा: एकूण मिनिटे किती, शून्ये किती, आणि एकाला लागून एक अशी शून्ये जास्तीत जास्त किती आली. यातला तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. शून्य आले याचे वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या शेजारी दुसरे शून्य येऊ नये, इतकेच पाहा.

शून्य का आले याचे कारणही दोन शब्दांत लिहा: 'एसटी', 'पाहुणे', 'वीज', 'कंटाळा'. महिन्याअखेर सगळ्या वर्गाची कारणे फळ्यावर मांडली, तर कोणती अडचण पुन्हा पुन्हा येते ते कळेल, आणि तिच्यासाठी पुढच्या महिन्याचा 'जर-तर' सर्वांनी मिळून ठरवता येईल.

जोडीला आणखी एक मोजणी करा. पहिल्या दिवशी तीन मिनिटे जागच्या जागी धावा, थांबा आणि एक मिनिटाने मनगटावरील नाडीचे ठोके मोजा. २८ व्या दिवशी हेच पुन्हा करा. दोन्ही वेळा वेग सारखाच असू द्या. ठोके कमी झालेले दिसले, तर तुमचे हृदय तेच काम कमी श्रमात करू लागले आहे असे समजा. मग वहीतील शून्ये पुन्हा एकदा मोजा. ती असूनही हा बदल झाला आहे, हे तुमच्या लक्षात येईल.